पत्त्यावरचा कंदील

पौड मागे टाकून ताम्हिणी घाटाकडे निघाले की काही वेळाने मुळशीच्या जलाशयाची सोबत सुरू होते. शनिवारी सकाळी या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. त्यांत बहुतेक तरुण मंडळी असतात. आठवडाभर हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत राबून शिणलेली. हिंजवडीही याच मुळशी तालुक्यातली. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाला शिणायचे आणि दुसऱ्या टोकाला शीण घालवायचा, असा हा क्रम आहे. जलाशयाच्या आसपास त्यांच्यासाठी विश्रामस्थळे उभी राहिली आहेत. तेथे योगासने होतात, तेलमालिश होते, ध्यानाची सत्रे होतात आणि अलीकडे पत्तेही मांडले जातात. हे पत्ते रमीचे नव्हेत. त्यांचे नाव टॅरो.

माझी एक भाची गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी मैत्रिणींबरोबर गेली होती. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, त्याआधी काही महिन्यांपूर्वी अकस्मात गेले. ही एकुलती एक. आई घरी एकटी, कामाचा रेटा मोठा आणि मनावरचे ओझे त्याहून मोठे. तेथे टॅरो सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पत्ते पसरले आणि हिला एक पान उचलायला सांगितले. निघाला नवव्या क्रमांकाचा पत्ता, ‘हर्मिट’, म्हणजे एकांतवासी. बर्फाच्छादित शिखरावर करड्या झग्यात उभा असलेला एक वृद्ध, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील आणि कंदिलात ज्योतीऐवजी सहा कोनांची चांदणी. बाई म्हणाल्या, ‘याचा अर्थ मी सांगणार नाही. तुला या चित्रात काय दिसते ते तूच शोध.’ भाचीला दिसले ते असे : आपण सर्वांपासून दूर व्हावे, आपला प्रकाश आपल्यातच शोधावा, कोणाचे काही देणे लागत नाही.

त्यानंतर तिने आईला फोन करणे कमी केले. सणवार टाळले. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीही ‘मला सध्या एकांताची गरज आहे’ असा निरोप आला. मी रागावून तिला भेटायला गेलो तेव्हा तिच्या कामाच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्याला टेकवून, तो पत्ता उभा होता. ‘मामा, तुम्हाला हे पटणार नाही,’ ती म्हणाली, ‘पण हे चित्र माझ्याशी बोलते.’ आमचा बराच वाद झाला. त्या वादात शेवटी तिने मला जे उत्तर दिले, त्याने मी निरुत्तर झालो. ते मी लपवणार नाही. योग्य ठिकाणी देईन. पण त्याआधी, जे चित्र तिच्याशी बोलते ते मुळात काय आहे, हे तपासणे भाग आहे.

चित्रांचा खरा इतिहास

टॅरोचे पत्ते इजिप्तच्या देवळांतून आले, त्यांत प्राचीन ऋषींचे गूढ ज्ञान साठवले आहे, अशी समजूत करून दिली जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे पत्ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील सरदार-दरबारांच्या परिसरात जन्मले, ते खेळण्यासाठी. नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांत २२ चित्रांची एक जादा मालिका मिसळली गेली. एकूण पाने ७८. ही चित्रांची पाने म्हणजे कायमचा हुकूम. ती बाकीच्या पानांना मारत. इंग्रजीतला ‘ट्रम्प’ हा हुकुमासाठीचा शब्दही या पत्त्यांच्या जुन्या इटालियन नावावरूनच आला. आपल्याकडे ओसरीवर पत्त्यांचा कॅट निघावा तसा तिकडे हा खेळ निघत असे. सुमारे तीनशे वर्षे त्यांचे मुख्य काम हेच होते.

मग १७८१ साली कूर द जेबेलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहून टाकले की, हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा वाचलेला ग्रंथ आहे. त्याला पुरावा काय? काहीही नाही. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाही वाचता येत नव्हती. रोझेटा येथील शिलालेख सापडला १७९९ मध्ये आणि शांपोल्याँने त्या लिपीची किल्ली शोधली १८२२ मध्ये. म्हणजे जी लिपी वाचता येत नव्हती, त्या लिपीतील ज्ञान पत्त्यांवर असल्याचा निर्वाळा चाळीस वर्षे आधीच देऊन झाला होता! पाठोपाठ पॅरिसमधील आलिएत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलटे करून ‘एतेला’ असे नाव घेतले आणि या पत्त्यांवर भविष्य सांगण्याचा धंदा थाटला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही याने त्यांचा संबंध हिब्रू अक्षरांशी जोडला. आज बाजारात सर्वाधिक परिचित असलेला संच तर लंडनमध्ये १९०९ साली निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची चित्रे. म्हणजे ज्याला ‘प्राचीन’ म्हणून कपाळाला लावले जाते, तो संच लोकमान्य टिळक मंडालेत असताना छापला गेला आहे.

हा इतिहास आम्ही रचलेला नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळाचा सविस्तर इतिहास लिहून गूढवाद्यांचे दावे निकालात काढले. परंतु गंमत पाहा. रामसेतूचा विषय निघाला की पुराव्याचा कागद मागणारा, पुराणे म्हणजे भाकडकथा असे ठासून सांगणारा आमचा सुशिक्षित वर्ग या इजिप्तच्या कथेपुढे मात्र मुकाट मान तुकवतो. ज्याला स्वतःच्या परंपरेकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण मिळाले, त्याला परक्याच्या परंपरेकडेही त्याच संशयाने पाहण्याचे शिक्षण कोणी दिले नाही. आत्मविस्मृती म्हणतात ती हीच.

आता पुन्हा त्या कंदिलाकडे येऊ. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी पंधराव्या शतकात हाताने रंगवलेला एक संच आजही बऱ्याच अंशी शिल्लक आहे. त्यातील या वृद्धाच्या हातात कंदील नाही. वाळूचे घड्याळ आहे! तो कोणी साधक नव्हता. तो ‘काळ’ होता. सरत चाललेल्या आयुष्याची आठवण करून देणारा म्हातारा. पुढे छापणाऱ्यांच्या हातून घड्याळाचा कंदील झाला, काळाचा साधू झाला आणि साधूभोवती तत्त्वज्ञान उभे राहिले. माझ्या भाचीला ज्या प्रकाशाने आईपासून दूर जायला सांगितले, तो प्रकाश मुळात चित्रात नव्हताच. जे होते ते सांगत होते : वेळ सरते आहे. एकट्या राहिलेल्या आईच्या लेकीसाठी यापेक्षा नेमका अर्थ कोणता असता? पण तो शोधायला पत्त्याची गरज नव्हती.

आरशाचे तत्त्वज्ञान

यावर टॅरोचे आधुनिक समर्थक इतिहासाचा आधारच सोडून देतात. ते म्हणतात, ‘इजिप्त खोटे असेल. आम्ही भविष्यही सांगत नाही. पत्ता हा फक्त आरसा आहे. चित्र पाहून माणूस आपल्या मनातले ओळखतो.’ कार्ल युंग यांच्या आदिबिंबांच्या कल्पनेचा हवाला दिला जातो. ही भूमिका वरकरणी नम्र वाटते, म्हणून अधिक फसवी आहे.

बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमच्या स्वभावाचे विश्लेषण’ म्हणून एकेक कागद दिला. हे वर्णन कितपत जुळते, यास पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर उलगडा झाला की, सर्वांच्या हातात एकच मजकूर होता आणि तो ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून जमवलेला होता. माणूस मोघम शब्दांतही स्वतःला शोधून काढतो. मग मोघम चित्रात का नाही शोधणार? थकलेल्याला चित्रात विश्रांती दिसते, रुसलेल्याला ताटातूट दिसते, हव्यासाने पछाडलेल्याला धन दिसते. यात पत्त्याचे कर्तृत्व शून्य आहे.

परंतु खरा आक्षेप त्याहून खोल आहे. आरसा आपल्याला आपणच दाखवतो, आणि आरशाला ‘नाही’ म्हणता येत नाही. आई ‘नाही’ म्हणू शकते. गुरू ‘नाही’ म्हणू शकतो. गीता तर आरंभीच अर्जुनाला ‘नाही’ म्हणते. त्यालाही त्या क्षणी एकांतच हवा होता, धनुष्य टाकून भिक्षा मागावीशी वाटत होती, आणि त्याच्याही मनाला तोच ‘आतला आवाज’ वाटत होता. श्रीकृष्णाने जर त्याच्यापुढे पत्ते पसरून ‘तुला काय दिसते ते तूच शोध’ असे म्हटले असते, तर गीता पहिल्या अध्यायातच संपली असती. दुःखी माणसाला त्याच्याच मनाच्या स्वाधीन करणे याला आज स्वातंत्र्य म्हणतात. आमच्या परंपरेने त्याला विषाद म्हटले आणि त्यातून बाहेर काढण्यासाठी सतरा अध्याय खर्च केले.

दुसरे असे की, हा आरसा कोराही नाही. या चित्रांची मुळे मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात आहेत. पोप त्यांत आहे, सैतान आहे, देवदूत आहेत. विसाव्या क्रमांकाचे पान ‘जजमेंट’ : देवदूत तुतारी फुंकतो आहे, तुतारीला तांबड्या क्रुसाचा झेंडा आहे आणि शवपेट्यांतून मृत उठून उभे राहत आहेत. हा ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाचा दिवस. ज्या समाजाची ती श्रद्धा आहे त्याने ती जरूर जपावी. आमचे काहीही म्हणणे नाही. पण पुण्यातली एखादी देशपांडे किंवा मोहोळ यांची मुलगी त्या चित्राचा अर्थ ‘माझा पुनर्जन्म’ असा लावते, तेव्हा तिला ना त्यांचा न्यायाचा दिवस कळलेला असतो, ना आपला पुनर्जन्म. एकच आयुष्य आणि एकच निकाल, हे त्या चित्राचे तत्त्व. कर्माच्या हिशेबाने पुन्हा पुन्हा मिळणारी संधी, हे आपले. दोन्ही दर्शने गंभीर आहेत, पण ती एक नव्हेत. ‘माझा वैयक्तिक अर्थ’ या एका शब्दप्रयोगाने दोन्ही दर्शनांचे वजन काढून टाकले जाते आणि हाती उरते ते रंगीत कागद.

याला पौर्वात्य मुलामा देण्याचेही प्रयत्न झाले. पुण्याच्या कोरेगाव पार्कात स्थिरावलेल्या आचार्य रजनीशांच्या प्रवचनांवर बेतलेला, त्यांच्या एका चित्रकार शिष्येने रंगवलेला ‘ओशो झेन टॅरो’ हा संच १९९० च्या दशकात निघाला आणि जगभर विकला गेला. ध्यान आणि शून्यता हे शब्द ज्या भूमीत आयुष्यभराच्या साधनेतून घडले, त्या भूमीला ते पत्त्यांवर छापून परत मिळाले. पाव तासात उलगडणारी साधना हवी असलेल्या पिढीला यापेक्षा सोयीचे काय असणार?

रामाचे पान

पत्ते आम्हालाही माहीत होते. सावंतवाडीची गंजिफा आजही अनेकांनी पाहिली असेल. हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गोल पाने. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येकाचा राजा आणि प्रधान. गंजिफा हे नाव फारसी, खेळ बाहेरून आलेला. पण आमच्या चितारी कारागिरांनी त्यावर दशावतार रंगवून तो आपलासा केला. विसाव्या शतकात ही कला विझू लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना राजवाड्यात जागा देऊन ती जगवली. परकी वस्तू स्वीकारावी कशी आणि स्वतःची जपावी कशी, या दोहोंचा हा वस्तुपाठ आहे.

त्या पत्त्यांवर प्रत्यक्ष राम होता, कृष्ण होता. तरीही लोक खेळले आणि पाने डब्यात ठेवून उठले. रामाचे चित्र पत्त्यावर आहे म्हणून पत्त्यालाच राम मानण्याचा प्रमाद कोणी केला नाही. आयुष्याचे प्रश्न देवापुढे, आप्तांपुढे, गावापुढे मांडायचे असतात आणि पत्त्यांनी फक्त दुपार घालवायची असते, एवढा विवेक निरक्षर माणसालाही होता. तो पदवीधरांत का उरू नये?

घरची झाडलोट

येथे कोणी सुज्ञ वाचक आम्हाला अडवील : ‘टॅरोला नावे ठेवता, मग तुमची रामशलाका काय? कोकणातल्या देवळात लावला जाणारा कौल काय? पोपटाने काढलेली चिठ्ठी काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आमची भूमिका स्पष्ट आहे. जी कसोटी पत्त्याला, तीच घरच्या प्रथेला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘दोन शब्दांत दोन संस्कृती’ या निबंधात श्रुतिस्मृतिपुराणोक्त आणि अद्ययावत या दोन शब्दांत आपले दुखणे नेमके मांडले, त्याला आता कित्येक दशके लोटली. त्यांनी समाजाला विज्ञाननिष्ठ व्हायला सांगितले ते परक्यांच्या पोथ्या कवटाळण्यासाठी नव्हे. शकुन सांगत फिरणाऱ्यांविषयी तुकोबारायांनी आपल्या अभंगात तिटकारा व्यक्त केला आहे. म्हणजे अंधश्रद्धेवर प्रहार करण्याची परंपराही आमचीच. तेव्हा राशीच्या अंगठ्या, वास्तूसाठी फोडलेल्या भिंती, दिवाळी अंकांतली पानेच्या पाने व्यापणारी राशिभविष्ये यांवर बोलताना आमची जीभ अडखळता कामा नये.

तरीही एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. कौल लागतो तो साऱ्या गावादेखत. निर्णय गावाचा असतो आणि त्याची जबाबदारीही गावाची. तो बरोबर की चूक हे निराळे, पण तेथे माणूस एकटा सोडलेला नसतो. टॅरोच्या बंद खोलीत प्रश्न एकट्याचा, अर्थ एकट्याचा आणि परिणामही एकट्याचा. त्या अर्थाला जाब विचारणारे कोणी नाही.

आणि एक विसंगती तर मनाला बोचते. ज्या वृद्धाच्या हातात कंदील आहे असे चित्र आमच्या मुलींना गहन वाटते, तो वृद्ध महाराष्ट्राच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जिवंत हिंडला आहे. त्याला पिंगळा म्हणतात. पहाटेच्या काळोखात एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडे, काखेला झोळी. घराचे भले होईल असे सांगावे, पसाभर धान्य घ्यावे आणि उजाडायच्या आत पुढच्या दाराला जावे, हा त्याचा रिवाज. त्याचेही भाकीत खरे मानू नये, हे आम्ही पुन्हा सांगतो. पण आज तो शहरातल्या गृहसंकुलाशी आला तर पहारेकरी त्याला फाटकाबाहेर घालवतो. तो अडाणी, मागास, भिकारी. आत वातानुकूलित दिवाणखान्यात कंदिलाचे चित्र दाखवणाऱ्या बाई मात्र ‘मार्गदर्शक’. खऱ्या कंदिलाला फाटक बंद आणि कंदिलाच्या चित्राला तासाचे शुल्क! भाकिताच्या खरेखोटेपणात दोघांत तसूभर अंतर नाही. अंतर आहे ते भाषेचे, पोशाखाचे आणि दराचे. याला आधुनिकता म्हणायचे की न्यूनगंड?

प्रतीक मागते

मग प्रतीकांचे काय? माणसाला प्रतीके लागतातच. हिंदू समाजाइतका प्रतीकांवर जगलेला समाज विरळा. परंतु आपल्या परंपरेत प्रतीक केवळ पाहायचे नसते. ते माणसाकडून काही मागते. गळ्यात तुळशीची माळ घातली की वारकऱ्याला मांस-मद्य वर्ज्य होते, एकादशी धरावी लागते, पंढरीची वाट चालावी लागते. भगव्या ध्वजापुढे मस्तक नमवायचे तर त्यागाची तयारी ठेवावी लागते. ‘या माळेत मला काय दिसते’ असे कोणी विचारत नाही. ‘या माळेला मी शोभतो का’ असे विचारतात. अर्थ आधीपासून आहे. तो शेकडो वर्षांच्या लोकांनी आचरणातून भरला आहे. आपण त्याच्या योग्यतेला चढायचे असते.

दिव्याचेच उदाहरण घ्या. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी स्थिर राहणाऱ्या दीपाची उपमा दिली आहे. तोही एकांताचाच दिवा. पण त्याच्या मागेपुढे काय आहे? आहार-विहाराचा संयम आहे, अभ्यास आणि वैराग्य आहे, आणि अखेर सर्व भूतांत स्वतःला व स्वतःत सर्व भूतांना पाहण्याची दृष्टी आहे. गीतेतला एकांत माणसाला सर्वांच्या जवळ आणतो. पत्त्यावरच्या शिखरावर त्या म्हाताऱ्याखेरीज कोणीही नाही.

आता ज्या जलाशयाच्या काठी हा पत्ता उचलला गेला, त्याकडे वळू. भाचीने मला त्या जागेचे छायाचित्र दाखवले होते. सज्जा, वेताची खुर्ची, पुढे निळे, निश्चल पाणी. तिला त्या पाण्यातही ‘आतली शांतता’ दिसली होती. त्या पाण्याचा खरा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. मुळा आणि निळा या नद्यांचे ते अडवलेले पाणी. त्याखाली मावळातली गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, देवळे आहेत, पूर्वजांच्या समाध्या आहेत. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांच्या कंपनीने येथे धरण बांधायला घेतले आणि इंग्रज सरकारने त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित केल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. पांडुरंग महादेव बापट यांना वारंवार कारावास झाला. शिवछत्रपतींच्या मावळ्यांच्या वंशजांचे हे नेतृत्व करताना त्यांना जे ‘सेनापती’ हे बिरुद मिळाले, तेच पुढे त्यांचे नाव झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच. गावे बुडाली. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिताना त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले.

हे बापट एडिंबरोला शिष्यवृत्तीवर गेलेले, पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या मिळवून आलेले विद्वान गृहस्थ. एकांत त्यांना परवडला असता. चांगली नोकरी, ग्रंथ, चिंतन. ते मुळशीच्या चिखलात येऊन बसले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. मुळशीत ते हरले, पण त्या हरण्याला अर्थ आहे, कारण तो अर्थ त्यांनी एकट्यासाठी शोधला नव्हता. मुळशीच्या काठी बसून ज्याला अर्थ शोधायचा आहे त्याला पत्ता कशाला हवा? समोरचे पाणी वाचता आले तरी पुरे. २०२१ साली त्या सत्याग्रहाला शंभर वर्षे झाली. किती घरांत, किती शाळांत, त्या काठावरच्या किती विश्रामस्थळांत त्याची आठवण निघाली?

चौदावा दिवस

येथवर लिहिलेले जवळजवळ सर्व मी भाचीला ऐकवले होते. वाळूचे घड्याळ, १७८१, फोररचे विद्यार्थी, गीता, बापट. ती शांतपणे ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली :

‘मामा, तुमचे सगळे बरोबर असेल. पण बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घर भरलेले होते. तुम्ही होतात, काका होते, शेजारी होते, बाबांच्या शाखेतले लोक होते. चौदाव्या दिवशी कोण आले? मी कशी आहे हे मला कोणी विचारले? सगळ्यांनी सांगितले, आईकडे बघ, धीर धर, तूच आता मुलगा. त्या बाईंनी पाऊण तास माझे ऐकून घेतले. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मी त्याचे पैसे मोजले, हे मला माहीत आहे. फुकट ऐकणारे कुणी असते तर मोजले नसते.’

मी तेव्हा काही बोलू शकलो नाही. आजही माझ्याजवळ त्यावर उत्तर नाही. टॅरोविरुद्धचा माझा एकही मुद्दा तिने खोडला नव्हता. तिने फक्त माझे मलाच दाखवले होते. मी चौदाव्या दिवशी गेलो नव्हतो. चाळिसाव्या दिवशीही नाही. गेलो तो सरळ वर्षश्राद्धाच्या वेळी, जाब विचारायला.

तेव्हा हा लेख केवळ त्या पत्त्यांविरुद्ध लिहून थांबता येत नाही. मोकळ्या जागेत परके रोप रुजते. भरल्या शेतात रुजत नाही. ज्या समाजाने कीर्तनात, ओवीत, जात्यावर, पारावर दुःख बोलण्याच्या शेकडो जागा निर्माण केल्या, तो समाज आज आपल्या मुलींना पाऊण तास देऊ शकत नाही. आम्ही त्यांना संस्कारांची जंत्री देतो, उपदेश देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार धाडतो. कान देत नाही. मग त्यांनी पैसे मोजून कान विकत घेतला, तर दोष एकट्या विकणाऱ्याचा कसा?

कायद्याने हे थांबणार नाही आणि थांबवूही नये. रंगीत पत्ते जप्त करून संस्कृती वाचत नसते. जे करायचे ते आपल्यालाच करायचे आहे आणि ते अवघड आहे. तेराव्याचे जेवण झाल्यावर खरी गरज सुरू होते, हे ओळखून चौदाव्या दिवशी त्या घराचे दार वाजवावे. तरुण बोलू लागले तर उपदेशाची घाई करू नये. आपल्या प्रतीकांचा अर्थ त्यांना सांगण्याआधी तो आपल्या वागण्यात दिसतो का, हे तपासावे. वस्त्या, शाखा, भजनी मंडळे, महिला मंडळे यांनी शोकातल्या घरांची नुसती नोंद ठेवून वर्षभर येणेजाणे ठेवले, तरी मुळशीच्या काठावरच्या निम्म्या पत्त्यांना गिऱ्हाईक उरणार नाही.

गेल्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या आदल्या रविवारी, मी बहिणीला घेऊन भाचीकडे गेलो आणि तिघे मिळून मुळशीला गेलो. विश्रामस्थळात नाही, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काठापर्यंत उतरलो. मी सत्याग्रहाबद्दल थोडेसेच बोललो. बाकी वेळ मायलेकी बोलत होत्या, आणि या वेळी मी ऐकत होतो. भाचीच्या टेबलावर तो पत्ता अजूनही आहे. मी त्याविषयी काही विचारले नाही. परतताना तिनेच विचारले, ‘मामा, पाण्याखालच्या त्या गावांची नावे कुठे मिळतील?’